खोली भरलेली आहे

अक्का, तुझ्या बेसण्याला भीमराव रडला. वरवरचं नाही, खरंच रडला. इथल्या गुजराती रीतीप्रमाणे शोकाला बसायला सोसायटीच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. लोक येत होते, तुझ्या फोटोपुढे फूल ठेवून घटकाभर बसत होते आणि हात जोडून उठत होते. भीमराव उठला नाही. त्यानं माईक मागून घेतला.

“अक्का म्हणजे आमची माय होती,” तो म्हणाला. “सुरतेत उतरलेल्या माणसाला तिचं दार कधी बंद दिसलं नाही. मी स्वतः तिच्या सैपाकघरात निजलोय.”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तुझा सख्खा भाऊ म्हणून मी पहिल्या रांगेत होतो. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दात मात्र इतके आवळले होते की दुसऱ्या दिवशीही जबडा दुखत होता.

वरच्या खोलीत राहायची ती शबनम आली होती. मागे, चपलांच्या ढिगाजवळ बसली होती. ती बसली तशा शेजारच्या दोघी चादरीवरून सरकल्या. दुसऱ्याला जागा करून देताना माणूस सरकतो तसं ते नव्हतं, सांडलेल्या पाण्यापासून सरकतो तसं होतं. भीमराव तुझ्या दाराबद्दल बोलत होता आणि ती मान खाली घालून ऐकत होती. आपलं बोलणं तिला कळायला लागलंय. तूच शिकवलंस, अर्धं मराठी, अर्धं अहिराणी.

हे सगळं तुलाच सांगावंसं वाटतं, दुसऱ्या कुणाला सांगू? संजयला सांगू? तुझ्याच मुलाला?

मी महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर झालो आणि घरीही पुस्तकातलं मराठी बोलायला लागलो तेव्हा तू मला हसायचीस. “आरे मास्तर, घरमा तरी मानूससारखा बोल!” आता लिहितानाही मी पुस्तकीच लिहितोय, आणि तुझं बोलणंसुद्धा माझ्या भाषेत आणून बसवतोय. चिडू नकोस. तुझ्या भाषेत लिहायला बसलो तर तू दारातून आत येशील असं वाटतं, आणि हात थांबतो.

तू काही देवी नव्हतीस, हे आधी सांगून टाकतो, कारण बेसण्याला तुला सगळ्यांनी देवी करून टाकलं. तुझी जीभ तिखट होती. मिसरी लावताना तू कुणाचाही उद्धार करायचीस. गावाकडून नवा माणूस आला की तू त्याला आधी कळण्याची भाकर नि ठेचा वाढायचीस, आणि तो हात धुतोय तोवर लसूण सोलायला पुढ्यात टाकायचीस. फुकट कुणी राहिलं नाही तुझ्याकडे. पाणी भरायचं, दळण आणायचं, पोरांना शाळेत सोडायचं. दाजी लूमवर काम करून करून अर्धे बहिरे झालेले. घरात किती माणसं निजलीत हे ते पाय ठेवायला जागा मिळत नसे त्यावरून ओळखायचे. मीही त्या सैपाकघरातच निजलोय. सकाळी स्टो पेटवायची वेळ झाली की तू आम्हाला पायानं ढोसायचीस.

सुरतेतल्या तुझ्या पहिल्या दिवसांबद्दल तू फार बोलत नसायचीस. एकदाच सांगितलंस. दाजींबरोबर तू एक ट्रंक नि एक बोचकं घेऊन उधन्याला खोली शोधत हिंडलीस. बोलणं ऐकलं की लोक विचारत, क्यांना छो, कुठले तुम्ही? तुम्ही खान्देश म्हणायचात. मग उत्तर ठरलेलं: “बहारना लोकोने नथी आपता.” बाहेरच्यांना देत नाही. शेवटी एका म्हाताऱ्या सुरती बाईनं घराचा ओटा दिला, वर पत्रा टाकून. त्या ओट्यावर तू संसार मांडलास. ती बाई तुला कधी गोड बोलली नाही म्हणे. रोज काहीतरी कुरकुर असायचीच. पण ओटा दिला.

“गोड बोलनारा बहुत भेटनात रे,” तू म्हणाली होतीस. गोड बोलणारे खूप भेटले. जागा देणारी एकच.

भीमराव आला तेव्हा त्याच्याकडे घालायला दुसरा सदरा नव्हता. पुढं त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. सोबतचे म्हणाले, गाडीत बसवून गावी पाठवून देऊ. तू म्हणालीस, वाटेत मेला तर त्याच्या आईला काय तोंड दाखवू? तू त्याचं अंथरूण धुतलंस, त्याला उसाचा रस पाजलास, तेल-तिखट घरात बंद केलंस, आणि तुझ्या बेचव भाज्या आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडत खाल्ल्या. तो उठला. कापडाचे तागे वाहायला लागला, मग दलालीत शिरला, मग पर्वत पाटिया भागात साड्यांचं दुकान टाकलं. आज तो सोसायटीचा प्रमुख आहे आणि तुझा संजय त्याच्या दुकानात मालाचा हिशेब बघतो. त्याच्या यशाचं तुला कौतुक होतं. माझ्यापेक्षा जास्तच होतं, खरं सांगायचं तर.

रफीक नि शबनम तुला कुठं भेटले ते मला तू नंतर सांगितलंस. साड्यांना लेस लावायचं काम तू घरी करायचीस. तयार गठ्ठा द्यायला गेलीस तर गोदामाच्या पायरीवर एक बाई लेकीला मांडीवर घेऊन बसलेली, बाजूला भांड्यांचं गाठोडं. नवरा आत साड्यांवर जरीचं हातकाम करणारा कारागीर. कुटुंब बंगालमधलं, मुसलमान. राहत्या खोलीतून मालकानं काढलेलं, कारण शहरात तेव्हा बंगाली बोलणाऱ्या माणसाकडे लोक वळून बघायला लागले होते. तू तिला विचारलंस, जेवलीस का? तिनं लेकीकडे बघितलं. तू म्हणालीस, “चल.”

बस एवढंच. तुमच्या घराची वरची खोली रिकामी होती आणि खाली तू होतीस.

पहिल्या आठवड्यातच तुझं नि शबनमचं भांडण झालं. कशावरून, तर मासळीवरून. एकादशीला जिन्यातून मासळीचा वास खाली आला आणि तू कमरेला पदर खोचून वर गेलीस. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललीस. शबनम घाबरून कढई झाकून उभी. मग तूच म्हणालीस, रोज शिजव, नाक धरून राहीन, पण एकादशीला नको. ती म्हणाली, “अम्मा, वो कब आती है, मुझे कैसे पता?” तू तिला चंद्र कसा मोजायचा ते गच्चीवर नेऊन दाखवलंस. पुढं असं झालं की तू विसरायचीस आणि ती सकाळी जिन्यातून ओरडायची, “अम्मा, आज आपका उपवास है!” तिची मुन्नी तुझ्या मांडीवर बसून साबुदाणा खायची.

सोसायटीतून पहिली तक्रार आली ती वासाचीच होती. वासावर भागेना तेव्हा पाण्याची आली. मग एक दिवस भीमराव स्वतः तुझ्याकडे आला. मी होतो त्या दिवशी. चपला बाहेर काढल्या, तुझ्या पाया पडला, चहा घेतला.

“अक्का, हे लोक आपले नाहीत,” तो म्हणाला.

“तू माझा कोन व्हतास रे, उनास तवय?” तू विचारलंस. आलास तेव्हा तू तरी माझा कोण होतास?

“तसं नाही अक्का. आपण देशातलेच. हे कुठनं आलेत कुणाला माहीत? सीमेपलीकडचे असले तर? उद्या काही झालं तर सोसायटीचं नाव.”

दोन दिवसांनी पोलीस आले. कुणी बोलावले ते सांगायला नको. त्यांनी रफीकचे कागद बघितले, त्याच्या गावी फोन लावून खात्री करून घेतली, तुझ्या हातचा चहा प्यायले आणि “माजी, सब ठीक छे,” म्हणून निघून गेले. मला वाटलं, संपलं. मी मास्तर माणूस, माझा कागदावर विश्वास. पण लोक म्हणायला लागले, कागद काय, पैसे टाकले की कुणीही काढतो. तेव्हा मला कळलं की कागद कुणाला नकोच होते. कागद चुकीचे निघावेत एवढंच हवं होतं.

त्यावरूनच आपला तो वाद सुरू झाला, जो राहून गेला. मी तुला म्हणालो, बरं झालं, कागद खरे निघाले, आता तुझी बाजू भक्कम आहे. तू साडीला लेस लावत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “आनि खोटा निंघता तं?”

मी म्हणालो, मग प्रश्न वेगळा होता. देश म्हटलं की त्याला उंबरा लागतो, अक्का. कोण येतो, कोण जातो, ते बघावं लागतं. कुणी कुठंही घुसावं असं चालत नाही.

तू म्हणालीस, “बघा ना. कोण नाही म्हणतंय? सरकारनं बघावं, वर्षभर बघावं. पण बघून होईस्तोवर त्या पोरीनं निजायचं कुठं? उंबऱ्यावर?”

मी सीमा, कायदा, शेजारचा देश असं बरंच बोललो. तू ऐकून घेतलंस आणि दोरा दातानं तोडलास. मला अजूनही वाटतं की माझ्या म्हणण्यात तथ्य होतं. तू असतीस तर आजही भांडलो असतो. पण त्या पोरीनं निजायचं कुठं, याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं, आजही नाही.

मग ती सभा झाली. रविवारी सकाळी, सोसायटीच्या देवळापुढे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. विषय एकच: बाहेरच्या लोकांना भाड्यानं खोली द्यायची नाही. रफीक सकाळीच कामाच्या नावानं निघून गेला होता. शबनम दार लावून वर बसली होती. भीमराव बोलला, तुझं नाव घेतलं नाही, “काही ज्येष्ठ मंडळी भावनेच्या भरात” असं म्हणाला. हात वर करायची वेळ आली तेव्हा तू उभी राहिलीस.

मी तुझा पदर ओढला होता. आठवतं? तू झिडकारलंस.

“भीमराव, तू माझ्या सैपाकघरात निजायचास,” तू म्हणालीस. “तुझं हागलं-मुतलं मी काढलंय. गणेश, तुझी बायको माझ्या घरी बाळंत झाली, तुझ्या पोराला पहिली आंघोळ माझ्या पायावर घातली. सुरेश, तू चोरून माझ्या पोरांचं दूध प्यायचास, मला माहीत होतं, मी बोलले नाही. तुमच्यातल्या कुणाला मी विचारलं, कुठला आहेस? आपण सगळे बाहेरचेच रे. विसरलात?”

एकेकाकडे बोट दाखवून बोललीस. सगळ्यांच्या माना खाली. कुणाचाच हात वर गेला नाही. ठराव तसाच राहिला. तू तरातरा घरी आलीस, पाणी प्यायलीस आणि लहान पोरीसारखी हसून मला म्हणालीस, “बघ, गप बसनात ना?”

मी म्हणालो, “अक्का, गप्प बसले म्हणजे पटलं असं नाही. मी भीमरावाचे कान बघत होतो. लाल झाले होते.”

“लाज वाटली म्हणून.”

“लाज वाटलेला माणूस दार उघडत नाही, अक्का. ज्यानं लाजवलं त्याचं तोंड बघणं टाळतो.”

तुला पटलं नाही. तुझं म्हणणं एकच, माणसं विसरतात, आठवण करून द्यावी लागते. माझं म्हणणं, ते काहीही विसरलेले नाहीत. तुझ्या सैपाकघरातली फरशी त्यांच्या पाठीला अजून टोचते. दुमजली घर बांधल्यावर माणसाला सगळ्यात नकोसं काय असतं, तर ती फरशी बघितलेली बाई समोरून येणं. तू म्हणालीस, “मास्तर, तू मानूसले लई वाईट समजस.” तू माणसाला फार वाईट समजतोस. अक्का, मला त्या वादात जिंकायचं नव्हतं गं.

त्यानंतर तुला कुणी काही बोललं नाही. तेच तर झालं, कुणी काही बोललंच नाही. सकाळी नळावर तू गेलीस की बोलणी थांबायची. संक्रांतीला तू तीळगूळ करून बसलीस आणि हळदीकुंकवाला पलीकडच्या गल्लीतली एक गुजराती बाई आली, बाकी कुणी नाही. लेसचे गठ्ठे आणून देणारीनं “सध्या माल नाही” म्हणून सांगितलं, आणि शेजारच्या घरात गठ्ठे उतरताना आपण दोघांनी बघितले. तू तीळगुळाचा डबा उचलून वर शबनमकडे दिलास. “खा गं,” म्हणालीस, “आमच्यात कुणाला गोड बोलायचं नाही या वर्षी.”

आणि मग आपण गावी लग्नाला गेलो. चार दिवसांसाठी. परत आलो तर जिन्यापासून फिनाईलचा वास. तू पायातल्या चपलाही न काढता वर गेलीस. मी मागून आलो. खोली धुऊन काढलेली. भिंतीला नवा चुना. मुन्नीचा पाळणा टांगायला दाजींच्या वेळचा जो आकडा तू साफ करून दिला होतास, तोही कुणीतरी कापून काढला होता. फरशी अजून ओली होती.

खाली संजय सोफ्यावर बसून होता. “ते आपणहून गेले, आई,” म्हणाला. ज्योती, तुझी सून, सैपाकघराच्या दारात उभी होती. ती रडायला लागली तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, “शेठनं सांगितलं, वरची खोली रिकामी कर नाहीतर दुकान सोड. मला पण लेकरं आहेत, आई. मी काय करणार होतो?”

तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू शेठ कोण हे कळलं नाही असं दाखवलंस. “कोण शेठ?” म्हणालीस. “भीमा?” मग वर जाऊन खोलीला कुलूप लावलंस आणि किल्ली कनवटीला बांधलीस.

त्यांना शोधत आपण किती कारखान्यांत हिंडलो! हातकाम करणाऱ्या कारागिरांना विचारत विचारत शेवटी शहराबाहेर इच्छापोरला पोचलो. कारखान्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची ओळ. रफीकनं जरीकाम सोडलेलं, कंत्राटी मजूर म्हणून लोखंड उचलत होता. त्याची बोटं बघून तू तोंड फिरवलंस. त्या बोटांनी तो रेशमाची फुलं काढायचा. शबनमनं चूल मांडलेली, वरण-भात शिजत होता. ती तुला बघून म्हणाली, “अम्मा, आज एकादशी है, आपने खाया कुछ?” तू मटकन खाली बसलीस. “आता तरी मासळी शिजव ना गं बये,” म्हणालीस, “आता तर मी खाली राहत नाही.” आणि पहिल्यांदा मी तुला रडताना बघितलं. दाजी गेले तेव्हाही तू अशी रडली नव्हतीस.

तू तिला परत चल म्हणालीस. ती नाही म्हणाली. रफीक म्हणाला, “अम्मा, वहाँ आपका घर है, आपको रहना है.” ते बरोबर होतं आणि ते तुला आवडलं नाही.

मग भीमरावाकडून माणसं यायला लागली. आपली माणसं, खान्देशातली, चांगलं भाडं देणारी. कुणाचा भाचा, कुणाचा साडू. “अक्का, वरची खोली रिकामी आहे ना?” तू दारातच उभी राहून म्हणायचीस, “खोली भरलेली शे.” खोली भरलेली आहे. लोक वर लावलेल्या कुलपाकडे बघायचे, मग तुझ्याकडे. तू दार लावून घ्यायचीस. जन्मभर ज्या बाईनं कुणाला परत पाठवलं नाही, ती आता आपल्या माणसांना उंबऱ्यावरून परत पाठवत होती. मी तुला म्हणालो, यांचा काय दोष? तू म्हणालीस, “त्या पोरीना काय व्हता?” त्या पोरीचा तरी काय होता?

तिथंही मी तुझ्याशी सहमत नव्हतो. पण तेव्हा तू इतकी वाळली होतीस की भांडवेना.

दवाखान्यात तुझ्या उशाशी कोण होतं ते बेसण्याला कुणी सांगितलं नाही. दिवसा ज्योती नि मी. संध्याकाळी शबनम इच्छापोरहून बस बदलत यायची. तुझे केस विंचरायची, वेणी घालायची. नर्सनं विचारलं, मुलगी का? तू ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून म्हणालीस, “भाडेकरू.” आणि हसलीस. तुझं शेवटचं हसू ते. संजय रोज यायचा, पायथ्याशी उभा राहायचा. तू त्याला जवळ बोलावलं नाहीस, दूरही लोटलं नाहीस. तुला त्याला काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. तो मला विचारतो, मामा, आई माझ्याबद्दल काही बोलली का? काय सांगू? बोलली नाहीस हेच खरं. मी म्हणतो, तुझ्यावर जीव होता तिचा. तेही खरंच.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भीमराव एका जोडप्याला घेऊन आला. त्याच्या चुलतभावाची मुलगी नि जावई, गावाकडून गाडीनं थेट आलेले. दोन पिशव्या, गुंडाळलेली गोधडी, मुलीच्या खांद्यावर तान्हं बाळ. संजयनं वरच्या खोलीची किल्ली काढून दिली. कुणी कागद मागितला नाही. कुणी पोलिसाला बोलावलं नाही. कुठले, कोण, किती दिवस, काही नाही. “आपलीच माणसं आहेत, सर,” भीमराव मला म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. अक्का, मला त्या क्षणी तुझं वाक्य तोंडावर फेकावंसं वाटलं, की खोली भरलेली आहे. वाटलं, या दोघांना जिन्यावरूनच हाकलावं.

पण ती मुलगी दमून पहिल्याच पायरीवर टेकली होती. बाळ रडत होतं. ती मला म्हणाली, “मामा, घोटभर पानी देतस का?” मी आत गेलो आणि पाणी आणलं. दुसरं काय करणार होतो? तहान लागलेल्या माणसाला पाणी द्यायला मला तुझ्याकडून काही शिकावं लागलं नव्हतं. तेवढं आपल्या दोघांच्या आईनं शिकवलं होतं.

पाणी पिऊन ती वर गेली. मी तिची गोधडी घेऊन वर गेलो, भीमराव मागून. तिनं खोलीभर नजर फिरवली. पाळणा कुठं टांगावा म्हणून ती वर बघत होती. छताला तोडलेल्या आकड्याचं बूड तेवढं दिसत होतं, चुन्यातून वर आलेलं.

“आधी कोन ऱ्हाये आठे?” तिनं विचारलं. आधी कोण राहायचं इथं?

“कोणी नाही,” भीमराव घाईनं म्हणाला. “बरेच दिवस रिकामीच होती.”

“रिकामी नव्हती,” मी म्हणालो. आणि सांगितलं. नावं घेऊन सांगितलं. रफीक, शबनम, मुन्नी. त्यांना कुणी काढलं, कसं काढलं, खोली कुणी धुतली. आवाज चढवला नाही, वर्गात शिकवताना बोलायचो तसाच बोललो. मुलगी बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत ऐकत होती. तिचा नवरा अवघडून भीमरावाकडे बघायला लागला. भीमराव खिडकीबाहेर बघत होता.

मला वाटलं, आता ती घाबरेल. किंवा तोंड वाकडं करील, की असल्या लोकांनंतरची खोली नको. किंवा काहीच म्हणणार नाही, जसं कुणीच काही म्हणालं नव्हतं.

ती म्हणाली, “मंग ती बाई आते कोठे ऱ्हास?”

मग ती बाई आता कुठं राहते? अक्का, एवढ्या महिन्यांत या सोसायटीतल्या कुणीही मला हे विचारलं नव्हतं. नळावर नाही, देवळापुढे नाही, तुझ्या फोटोपुढे रडतानाही नाही. विचारलं ते घटकाभरापूर्वी गाडीतून उतरलेल्या, अजून हातपायही न धुतलेल्या या मुलीनं.

भीमराव म्हणाला, “चल पोरी, आधी सामान लाव.” ती जागची हलली नाही. मी तिला इच्छापोरचा रस्ता सांगायला लागलो.